दिवा चालू असल्याची तक्रार

१२ फेब्रुवारी

आज मी गल्लीच्या रहिवासी मंडळाची अध्यक्ष म्हणून बिनविरोध निवडून आले. विरोध करायला निम्मे लोक जागे नव्हते आणि उरलेल्यांना चहा लवकर हवा होता, हा भाग वेगळा. टाळ्या मात्र वाजल्या. विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात आयुष्य गेलं, निवृत्तीच्या दिवशी एक घड्याळ आणि ही कोरी डायरी मिळाली. घड्याळ बंद पडलं. डायरीत लिहिण्यासारखं काही आज पहिल्यांदा घडलं.

सभा कर्नलच्या दिवाणखान्यात होती. कर्नल सैन्यात कधीच नव्हते, त्यांचं बुटांचं दुकान होतं. पण मिशा, गळ्यात शिट्टी आणि लोकांच्या गाड्यांना “मागे घ्या, अजून मागे” असं ओरडायची हौस, यामुळे पदवी चिकटली. ते आमचे सचिव. ते म्हणाले, “अध्यक्षबाई, पहिलं काम कोणतं हाती घ्यायचं?” मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले, “रस्त्यावरचे दिवे.”

कारण घुबड. गेल्या आठवड्यात ग्रंथालयातून घरी येताना अंधारात तिचा पाय उघड्या गटारात गेला आणि घोटा टम्म सुजला. मला कळलं तेव्हा मी तिला इतकी रागावले की तीच मला पाणी द्यायला लंगडत उठली.

घुबड म्हणजे माझी समोरची शेजारीण. पाचवीपासून कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात आमच्या खाटा शेजारी शेजारी. सिस्टरनी दिवा घालवला की बाकीच्या झोपायच्या, हिचे डोळे टक्क उघडे. म्हणून घुबड. मी वर्गाची मॉनिटर, म्हणून तिच्या तोंडी अजून मॉनिटरच. नवरा गेला, मुलगा परदेशी स्थिरावला, सुनेशी रविवारी फोनवर हवापाण्याच्या गप्पा होतात. “मॉनिटर, आहेस का गं?” अशी हाक मारणारी आता जगात ही एकच.

तिने जन्मभर ग्रंथालयात फाटकी पुस्तकं शिवली, चिकटवली, बांधली. लग्न केलं नाही. वडिलांच्या घरात एकटी राहते. एकटी म्हणजे, माणसांपैकी एकटी. गॅरेजमधली गाडी केव्हाच विकली, पण वरच्या माळ्यावर लहान वटवाघळं राहतात. दर उन्हाळ्यात तिथे बाळंतपणं होतात. सगळ्या आयाच. बाप कुठे असतात विचारलं तर म्हणते, “मंडळाच्या सभेला.”

संध्याकाळी आम्ही तिच्या व्हरांड्यात बसतो आणि गॅरेजच्या दारावरच्या फटीतून ती मंडळी बाहेर पडताना बघतो. मला त्यांचं कौतुक नाही. मी तिच्यासाठी बसते.

२० फेब्रुवारी

अर्ज लिहिला. अर्जाच्या बाबतीत माझा हात धरणारा या गल्लीत तरी कोणी नाही. “वयोवृद्ध नागरिकांच्या सांध्यांचा विचार करता” हे वाक्य वाचून नगरसेवक हेलावले. स्वतः चहाला आले, दोन बिस्किटं खाऊन तिसरं खिशात टाकलं आणि गल्लीचा नकाशा पसरून म्हणाले, “काकू, पहिला खांब तुमच्या फाटकासमोर घेऊ. अध्यक्षांचा मान.”

मी म्हणाले, “नको. समोरच्या घरापुढे घ्या. गॅरेजच्या अगदी तोंडाशी.”

नकाशावर मीच फुली मारली. तिला सांगितलं नाही. शाळेत तिच्या वाढदिवसाला उशीखाली चॉकलेट ठेवायचे, तशी आज गंमत वाटली. आयुष्यात मी कोणाला एवढी मोठी भेट दिलेली नाही. खांबच्या खांब.

११ मार्च

उद्घाटनाचा फज्जा.

सगळं चोख होतं. मांडव, फीत, कात्री, खुर्च्या. नगरसेवक साडेसहाला येणार होते म्हणजे आठला येणार, हे माणसांना ठाऊक होतं. दिव्यांना नव्हतं. हे नव्या जातीचे दिवे आहेत, अंधार पडला की आपोआप लागतात. सगळे मिळून नगरसेवकांची वाट बघत असताना ते एकदम, कोणालाही न विचारता, लखकन लागले. कर्नलनी शिट्टी फुंकली. दिवे विझले नाहीत.

नगरसेवक आले तेव्हा त्यांचा चेहरा उजेडात स्पष्ट दिसत होता, हे वाईट झालं. फीत कापली, पण म्हणाले, “काकू, हे उद्घाटन आपण धरायचं नाही.”

घुबड फाटकात उभी होती. मी तिच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं, “तुझ्या दारातला खांब माझ्याकडून. मी मागून घेतला.” तिने खांबाकडे बघितलं, मग गॅरेजकडे, मग माझ्याकडे.

“फार उजेड आहे गं,” म्हणाली.

मला भरून आलं.

१६ मार्च

काय उजेड आहे! बागेत बसून पेपर वाचता येतो. अगदी पांढरा, दवाखान्यातल्यासारखा स्वच्छ उजेड. कर्नल म्हणाले, त्यांच्या बेडरूममध्ये आता दिवा लावायची गरज उरली नाही. फक्त झोपायची सोय उरली नाही.

आणि पाखरांचा आनंद तर विचारू नका. कोपऱ्यावरच्या झाडावर जो काळापांढरा पक्षी पहाटे गातो, तो आता रात्रभर गातो. मी मंडळाच्या पत्रकासाठी लिहून दिलं: “नव्या दिव्यांचं स्वागत निसर्गानेही मुक्त कंठाने केलं आहे.” कर्नलना ‘मुक्त कंठाने’ फार आवडलं. त्यांनी ते दोनदा छापलं.

२ एप्रिल

रस्ता झाडणाऱ्या बाईने आज माझ्या फाटकाशी झाडू आपटला. “मॅडम, हे तुमच्या दिव्यांचं पीक.” खांबाखाली मेलेल्या पतंग-पाखरांचा ढीग. तपकिरी, राखाडी, एक तर हिरवट, तळहाताएवढं, पंखांवर डोळे काढलेलं. झाडूने उचललं तेव्हा पंखांची भुकटी झाली. थोडं वाईट वाटलं. पण किडे मरताहेत म्हणजे चांगलंच की, असं कर्नल म्हणाले. मी होकार दिला. अध्यक्षाने सचिवाशी दर वेळी वाद घालू नये.

पालींची मात्र चंगळ आहे. खांबावरची एक पाल इतकी फुगलीय की खांबावर चढताना ती स्वतःलाच जड होते. कर्नलनी तिचं नाव नगरसेवक ठेवलंय. (हे पत्रकात घातलं नाही.)

घुबड आताशा व्हरांड्यात बसत नाही. दोनदा संध्याकाळी गेले तर दार लावलेलं. तिसऱ्यांदा उघडलं, पण “डोकं दुखतंय” म्हणाली. वसतिगृहात गणिताच्या परीक्षेआधी दुखायचं, तसंच. मी काय समजायचं ते समजले.

५ एप्रिल

काय समजले ते लिहूनच टाकते. तिला माझं अध्यक्ष होणं रुचलेलं नाही. शाळेतही मॉनिटरची पट्टी मला मिळाली तेव्हा ती दोन दिवस खिडकीबाहेर बघत बसली होती. (तेव्हा तिचे वडील आजारी होते, हे आत्ता लिहिताना आठवलं. पण तरी.) मी तिच्या दारात खांब उभा केला आणि साधं “थँक यू” नाही. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला निदान तेवढं तरी शिकवलं होतं.

१४ एप्रिल

आज तिच्या घरी एक माणूस मोजपट्टी घेऊन आला. मी पडद्याआडून बघत होते. पडदा इतका विरळ की लपण्यात अर्थ नव्हता, पलीकडून सगळं दिसतं. त्याने व्हरांडा मोजला, गॅरेज मोजलं. मग बाहेर येऊन माझ्याच फाटकाशी थांबून फोनवर बोलला: “हो साहेब, गल्ली एकदम झकास. दिवे नवे आहेत. म्हणून तर किंमत चढली ना.”

घुबड घर विकतेय.

मला सांगितलं नाही. रात्री जेवण गेलं नाही. तो पक्षी झाडावर गात होता. पहिल्यांदा वाटलं की कोणीतरी त्याला दगड मारावा.

१९ एप्रिल

चार दिवस अभिमानात काढले, आज तो गिळून संध्याकाळी तिच्याकडे सरळ आत घुसले. ती स्वयंपाकघरात होती. टेबलावर बुटाचं खोकं, खोक्यात कापूस, आणि ती पुस्तकं चिकटवायच्या सगळ्यात बारीक ब्रशने कापसाला दूध पाजत होती.

मी म्हणाले, “डोकं दुखतंय ना तुझं? हे काय चाललंय?”

“हळू बोल.”

वाकून बघितलं. कापसात अंगठ्याएवढं, उघडंनागडं, सुरकुतलेलं काहीतरी होतं. मिटलेल्या छत्रीला तोंड फुटावं तसं. तोंड उघडत होतं आणि आवाज येत नव्हता. मला किळस आली, ते मी लपवलं नाही.

“ई! हे घरात?”

“माळ्यावरून पडलं. हे तिसरं. आधीची दोन गेली.”

“आई कुठेय त्याची?”

तिने ब्रश खाली ठेवला. म्हणाली, “आत अडकलीय. अंधार पडला की त्यांनी बाहेर जायचं. तेव्हाच किडे सगळ्यात जास्त असतात. पण दिवा बरोबर फटीवर पडतो. उजेडात घार, घुबड, कोणीही उचलेल, म्हणून त्या दारात येतात आणि मागे फिरतात. पार उशिरा, भूक अगदी असह्य झाली की एकेक निघते. तोवर हवेतले किडे संपलेले. जे उरलेत ते तुझ्या खांबाभोवती गरगरत मरतात. पोट भरत नाही, मग दूध येत नाही.”

“मग फटीला पडदा लाव.”

“लावला. पडदा हलला की घाबरतात. परत काढला.”

मग मला जे विचारायचं होतं ते विचारलं, “घर विकतेयस?”

“भाचीकडे जाईन म्हणते. तिच्या शेतावर खोली आहे, बाहेर खांब नाही.” मग ब्रश पुसत म्हणाली, “पिल्लं आहेत तोवर कुठे जाते? यांचं मार्गी लागलं की बघू.”

“मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस? मी मोडूनतोडून टाकला असता तो खांब.”

तिने माझ्याकडे बघितलं. “तू दिला होतास ना,” म्हणाली.

घरी आले आणि पाच तारखेची नोंद पुन्हा वाचली. फाडून टाकावीशी वाटली. फाडली नाही. राहू दे.

२१ एप्रिल

नगरपालिकेच्या दिवाबत्ती खात्यात तक्रार नोंदवायला बसले. मोबाइलवर सगळी सोय आहे. तक्रारीचे प्रकार: दिवा लागत नाही. दिवा लुकलुकतो. खांब वाकला आहे. इतर. ‘इतर’ वर बोट ठेवलं की लाल अक्षरात येतं, ‘कृपया योग्य प्रकार निवडा.’

शेवटी फोन केला. एक गोड आवाजाची मुलगी.

“काय तक्रार आहे, मॅडम?”

“दिवा चालू आहे.”

“बरं. मग तक्रार काय?”

“हीच.”

“दिवसा चालू राहतो का?”

“नाही, रात्री.”

तिचा आवाज आणखी गोड झाला. “मॅडम, घरात बोलायला दुसरं कोणी आहे का?”

२४ एप्रिल

‘दिवा लागत नाही’ अशी खोटी तक्रार टाकली. सिस्टर असत्या तर पट्टी खाल्ली असती. वायरमन आला, खांबाला टिचकी मारली, संध्याकाळपर्यंत थांबला, दिवा लागला. मोबाइलवर संदेश: ‘आपल्या तक्रारीचं समाधानकारक निवारण झालं आहे.’

त्याला चहा दिला आणि खरं सांगितलं. तो बशीत चहा ओतता ओतता थांबला.

“मावशी, दिवे लावा म्हणून लोक मला शिव्या घालतात. बंद करा म्हणून चहा पाजणाऱ्या तुम्ही पहिल्या.”

“मग कर ना बंद.”

“याला बटणच नाही. अंधार झाला की त्याचं त्याला कळतं.”

“आणि आम्हाला उजेड नको झाला तर?”

“ते त्याला कळत नाही.”

दिव्याला टोपण घाल म्हटलं तर वरून लेखी हुकूम हवा. हुकूम मागितला तर म्हणे आधी तक्रार नोंदवा, योग्य प्रकार निवडून.

२८ एप्रिल

तीन दिवसांपूर्वी मंडळाची सभा झाली. मी ठराव मांडला: एक दिवा, फक्त एक, विझवावा किंवा वळवावा.

“वटवाघळांसाठी?” कर्नल म्हणाले.

“त्यांच्या पिल्लांसाठी.”

“अध्यक्षबाई, दिव्यांसाठी निवडून आलेली बाई अंधार मागते! लोक काय म्हणतील?”

तिसऱ्या घरातल्या दंतवैद्यांनी विचारलं की वटवाघळं केसात अडकतात हे खरं का. त्यांना केस नाहीत. ठरावाच्या बाजूने एक हात वर झाला. तो माझा. विरोधात बाकीचे, आणि एक हात जांभईसाठी वर गेला होता तोही कर्नलनी मोजला.

निष्पन्न काय? अध्यक्षांना दिव्यांबाबत काही अडचण आहे असं नगरसेवकांच्या कानावर गेलं, आणि त्यांनी प्रेमाने माझ्या फाटकासमोर आणखी एक खांब मंजूर केला. आज खड्डा खणून गेले. काळी छत्री बांबूला बांधून पहिल्या दिव्यासमोर धरायचा प्रयोगही केला. दुसऱ्या दिवशी कर्नलनी ‘विनापरवाना फलक’ म्हणून ती जप्त केली. माझी चांगली छत्री होती.

खोक्यातलं पिल्लू गेलं. घुबडने बागेत पुरलं. मी कंदील धरायला निघाले होते. गरज नव्हती. सगळं स्वच्छ दिसत होतं.

३ मे

आमच्या गल्लीला ‘उजळ गल्ली’ पुरस्कार मिळाला आहे. आठ तारखेला थेट मोठे साहेब येणार, नगरसेवकांचेही वरचे. आणि मागचं उद्घाटन धरायचं नसल्यामुळे साहेब बटण दाबून सगळे दिवे पुन्हा पहिल्यांदा लावणार.

मी विचारलं, “बटण कुठेय पण?”

कर्नल विजयी मुद्रेने म्हणाले, “या वेळी बंदोबस्त चोख आहे! वायरमन दुपारीच फ्यूज काढून ठेवणार. मंचावर एक बटण चिकटवायचं, त्याला वायरच नाही. साहेबांनी दाबलं की मी शिट्टी मारणार, तिकडे हा फ्यूज लावणार. मात्र साहेब बटण दाबीपर्यंत गल्लीत काळोख पाहिजे. मिट्ट काळोख!”

मी चहा तसाच टाकून उठले.

तडक घुबडकडे गेले. धापा टाकत सगळं सांगितलं. ती खुर्चीत बसली, बोटांवर दिवस मोजले आणि म्हणाली, “पिल्लं अजून छातीला धरून नेण्याएवढी आहेत. अंधार होताना नीट बाहेर पडता आलं तर आया पोट भरतील, परत येतील आणि पिल्लांना घेऊन निघून जातील. जागा वाईट झाली की त्या तसं करतात. पण एक खेप पुरत नाही गं. जाऊन परत यायला वेळ लागतो. कार्यक्रम किती वेळ चालणार?”

“प्रास्ताविक कोणाचं आहे, माहितेय?”

“कोणाचं?”

“अध्यक्षांचं,” मी म्हणाले.

ती हसली. मार्चनंतर पहिल्यांदा. ठरलं असं: ती फाटकात उभी राहणार. शेवटची आई पिल्लाला घेऊन गेली की येऊन पहिल्या रांगेत बसणार. ती बसेपर्यंत मी बोलणं थांबवायचं नाही.

घरी येताना पायरीवर लक्षात आलं. पिल्लांचं मार्गी लागलं की ती जाणार आहे.

८ मे

घाईघाईत लिहितेय, अक्षराकडे बघू नये.

साहेब या वेळी वेळेवर आले. नियतीला विनोदबुद्धी आहे. संधिप्रकाश होता, गॅरेजच्या फटीत अजून हालचाल नव्हती. कर्नल कानात पुटपुटले, “दोन शब्द बोला आणि साहेबांना बटणाकडे आणा. त्यांना जेवायला जायचंय.”

मी माइकसमोर उभी राहिले. खोटं कशाला लिहू? समोर ती फाटकात उभी दिसली, राखाडी साडीत, हात मागे बांधून, शाळेत रांगेत उभी राहायची तशी. आणि मनात आलं, दोनच शब्द बोलावेत. दिवे लागतील. त्या आत राहतील, आणि ही इथे राहील. पिल्लं काय, पुढच्या वर्षी पुन्हा होतील. असं माझ्या मनात आलं. मी बाई म्हणून फार बरी नाही.

मग मी तोंड उघडलं.

मी अग्नीच्या शोधापासून सुरुवात केली. गुहेतल्या माणसावरून पणतीवर आले, पणतीवरून मेणबत्तीवर, मेणबत्तीवरून कंदिलावर. कंदिलाची काच कशी पुसावी हे सविस्तर सांगितलं. साहेब कौतुकाने मान डोलवत होते. रॉकेलपाशी पोचल्यावर डोलायची थांबली.

अंधार दाट झाला. आणि मंचावरून मी बघितलं, गॅरेजच्या फटीतून एक काळा ठिपका सुटला. मग दुसरा. मग कोणी मूठभर मिरी उधळावी तशा. लोकांच्या डोक्यांवरून, मांडवाच्या कापडाखालून, माझ्या माइकसमोरून एक इतकी जवळून गेली की तिच्या पंखांचा वारा गालाला लागला. दंतवैद्यांनी टक्कल झाकलं.

मग आभार. खुर्च्या देणाऱ्याचे, खुर्च्या वाहणाऱ्याचे, ज्यांनी खुर्च्या आणल्या नाहीत पण आणतो म्हणाले त्यांचे. विमा कंपनीचं एक संपूर्ण परिपत्रक पाठ होतं, ते ‘सुरक्षितता’ या मथळ्याखाली म्हणून दाखवलं. कर्नल शिट्टी तोंडात धरून उभे होते, गाल फुगलेले. नगरसेवकांनी चिठ्ठी पाठवली, ‘आवरा.’ मी ती चिठ्ठीही मनापासून आभार मानून वाचून दाखवली.

मागच्या रांगेत कोणीतरी मोबाइलचा दिवा लावला आणि तो गॅरेजकडे फिरायला लागला. मला स्वतःचाच आवाज ऐकू आला, पन्नास मुलींच्या वर्गावर चालायचा तो: “दिवा बंद! सगळ्यांनी! हात मांडीवर!”

बंद झाला. साहेबांनीही हात मांडीवर ठेवले.

मी बोलत राहिले. घसा कोरडा पडला. विषय संपले तेव्हा सुनेने फोनवर सांगितलेलं तिकडचं हवामान सांगितलं. वर आकाशात त्या परत यायला लागल्या होत्या. आत जात होत्या, बाहेर येत होत्या, आणि आता बाहेर येणाऱ्या जड दिसत होत्या, पोटाशी काहीतरी धरून, झुकत, सावरत, कोपऱ्यावरच्या झाडापलीकडे जिथे खांब नाहीत तिकडे. बोलताना मी मोजत नव्हते. रडत होते बहुतेक. लोकांना वाटलं, भाषण आहे.

कितीतरी वेळाने घुबड फाटकातून निघाली. घाई नाही, काही नाही. पहिल्या रांगेत साहेबांच्या शेजारच्या राखीव खुर्चीत येऊन बसली आणि चष्मा पुसायला लागली.

“इतकं बोलून मी माझे दोन शब्द संपवते,” मी म्हणाले.

साहेबांनी बटण असं दाबलं की मंचावरून ते खालीच पडलं.

११ मे

पेपरात आलंय, ‘अध्यक्षांच्या ओघवत्या भाषणाने उपस्थित भारावले.’ कर्नलनी आज माझ्या राजीनाम्याचा मसुदा आणून दिला. त्यात तीन चुका होत्या, त्या दुरुस्त करून सही केली. ते जाताना म्हणाले, “अध्यक्षबाई, हे का केलंत तुम्ही?” मी म्हणाले, “ओघात होऊन गेलं.” छत्री मात्र परत मागून घेतली.

माळा रिकामा आहे. वर चढून बघून आलो दोघी. वाळलेल्या लेंड्या आणि शांतता. ती जळमटं काढायला लागली आणि मला एकदम तिथे थांबवेना.

२३ मे

मोजपट्टीवाला आला होता. सौदा ठरला. घेणाऱ्या बाईंना दिवे फार आवडले.

सामान बांधायला मी गेले होते. तिची पुस्तकं खोक्यात भरायची म्हणजे प्रत्येक पुस्तक उघडून, कोणत्या साली बांधलं ते सांगून भरायची. संध्याकाळपर्यंत दीड खोकं झालं. मी म्हणाले, “या वेगाने तू दिवाणखान्यातच म्हातारी होशील.”

“झालेच आहे.” मग एक पुस्तक हातात तसंच धरून म्हणाली, “मॉनिटर, खोली मोठी आहे गं. दोन खाटा मावतात.”

मी म्हणाले, “बघते.”

“काय बघतेस?”

“तिकडे माझं काय काम?”

“काही नाही,” ती म्हणाली. “तिकडे कोणाचंच काही काम नसतं. अंधार पडला की पडतो.”

घरी आले. माझ्या फाटकासमोरचा नवा खांब आज सुरू झाला. या पानावर एवढा पांढरा उजेड पडलाय की शाईच फिकी दिसते. कपाटाच्या वरून जुनी सुटकेस काढली, धूळ झटकली, पलंगावर ठेवली. अजून उघडलेली नाही. आधी भाचीला फोन करून विचारायला हवं, त्यांच्या गावात रहिवाशांचं मंडळ आहे का. असलं, तर मला कोणीही सभासद करू नये, एवढीच अट घालीन म्हणते.